हौसेचं मोल कोणी मोजायचं?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही ओळ परभणीचा माणूस छाती काढून म्हणतो आणि पाहुणा एसटीतून उतरल्यावर अंगावरची धूळ झटकत म्हणतो. फरक काय तो स्वराचा. अलीकडे या ओळीला आणखी एक अर्थ येऊ लागला आहे. मराठवाड्यातली मुलं शिक्षणाला आणि नोकरीला जर्मनीत जातात, त्यांच्यामागे सुट्टीत भाऊ, मेहुणे, मित्र जातात. कोलोनचं चर्च आणि ऱ्हाइन नदीतली बोटीची फेरी झाली, की गाड्यांचं वेड असलेल्यांची पावलं आयफेलच्या डोंगराकडे वळतात. तिथं न्यूर्बुर्गरिंग आहे, जगातला सगळ्यात नावाजलेला शर्यतीचा मार्ग, आणि तो तिकीट काढून कुणालाही चालवता येतो. परतल्यावर फेरीचा व्हिडिओ गावाकडे पोहोचतो आणि तो बघणारा पोरगा संध्याकाळी वसमत रस्त्यावर किंवा जिंतूर रस्त्यावर आपली दीडशे सीसीची गाडी त्याच ऐटीत पिळतो. व्हिडिओत वळणं दिसतात, वेग दिसतो. प्रवेशद्वारावरची पावती आणि तिच्यामागची नियमावली दिसत नाही. माझं म्हणणं त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल आहे, कारण परभणीला उपयोगाचा भाग तेवढाच आहे.

आधी ते ठिकाण नीट समजून घेऊ. पहिल्या महायुद्धानंतरच्या बेकारीत हजारो हातांना काम मिळावं म्हणून 1925 मध्ये या मार्गाचं बांधकाम सुरू झालं. आपल्याकडच्या दुष्काळी कामांची आठवण व्हावी असा हा प्रकार. 1927 मध्ये मार्ग खुला झाला. आज त्याचा जो उत्तरेकडचा वेढा चालवता येतो त्याची लांबी 20.832 किलोमीटर आहे, वळणं 73 आणि सगळ्यात खालच्या व वरच्या टोकातला चढ सुमारे 300 मीटर. आत जुना न्यूर्बुर्ग किल्ला, भोवती दाट जंगल. शर्यतपटू जॅकी स्टुअर्टनं या मार्गाला ‘हिरवा नरक’ म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. 1 ऑगस्ट 1976 च्या शर्यतीत निकी लाउडा इथंच जळत्या गाडीत अडकला आणि थोडक्यात बचावला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या वेढ्यावर पुन्हा झाली नाही. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम चालकांसाठी जो रस्ता धोकादायक ठरला, तो सुट्टीवर आलेल्या हौशी माणसाला खुला आहे. ऐकताना हे वेडेपण वाटतं. वेडेपणाला वेसण कशी घातली आहे ते पाहिलं, की वाटेनासं होतं.

शर्यत किंवा कंपन्यांच्या चाचण्या नसतील त्या वेळी एका फेरीचं तिकीट तीस-पस्तीस युरोंच्या घरात पडतं. आणि तिकीट काढलं म्हणजे तुम्ही शर्यतीत उतरलात असं नाही. कायद्याच्या लेखी त्या वेळी तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो. जर्मनीचे वाहतुकीचे नियम तिथं जसेच्या तसे लागू. उजवी बाजू धरून चालायचं, मागून वेगवान गाडी आली तर तिला वाट द्यायची, ओव्हरटेक फक्त डावीकडून. घड्याळ लावून फेरीची वेळ मोजायला मनाई. शेवटच्या लांब सरळ पट्ट्यावर बाहेर पडावं लागतं, म्हणून सलग पूर्ण फेरी होतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कठड्याला धडकली तर कठड्याची दुरुस्ती, गाडी उचलून नेणं, या सगळ्याचं बिल चालकाच्या हाती पडतं. त्याच्यामुळे मार्ग बंद राहिला तर त्याचाही हिशेब होतो. विमानतळावर भाड्यानं घेतलेली साधी गाडी इथं आणायला भाड्याचा करारच बहुधा बंदी घालतो, अनेक विमा कंपन्या हात वर करतात. ज्याला फेरी मारायची आहे त्यानं तिथल्याच व्यावसायिकांकडून वेगळी गाडी घ्यायची आणि नुकसानीची मोठी रक्कम आपल्या अंगावर घेतल्याची सही करायची. 2025 च्या हंगामापासून मोटारसायकलींना या सर्वसाधारण फेऱ्यांत प्रवेश नाही. दुचाकीवाल्यांनी प्रशिक्षणाच्या स्वतंत्र दिवशी यावं, अशी व्यवस्था आहे.

आपल्याकडे हौसेला मोल नसतं असं म्हणतात. न्यूर्बुर्गरिंगवर हौसेला मोल असतं, ते आधी सांगितलेलं असतं आणि ज्याची हौस त्याच्याकडूनच वसूल होतं. आपल्या रस्त्यांवर मात्र हौस एकाची आणि मोल दुसऱ्याचं असा व्यवहार चालतो. सुसाट गाडी पळवणाऱ्याच्या आनंदाची किंमत शेतातून घरी निघालेली बाई, शाळेतून सायकलवर येणारं पोर, उसाच्या ट्रॉलीमागे अंधारात चालणारा मजूर यांच्याकडून घेतली जाते. वेगाचं आकर्षण असणं हा गुन्हा नाही, तो माणसाचा स्वभाव आहे. ज्यांनी होकार दिलेला नाही त्यांना त्या आकर्षणात ओढणं हा गुन्हा आहे. म्हणून माझा मुद्दा असा: वेगाला स्वतःची जागा, स्वतःचे नियम आणि स्वतःचं बिल द्या. मगच सार्वजनिक रस्त्यावर त्याला कठोरपणे ‘नाही’ म्हणण्याचा नैतिक आणि व्यावहारिक अधिकार शासनाला येईल.

आकडे काय सांगतात? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. मृत्यूंपैकी 71.2 टक्क्यांच्या मागे अतिवेग हे कारण नोंदवलं आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी 15,224 जण गेले. त्याच वर्षी जर्मनीत रस्त्यावर गेलेल्यांची संख्या 2,800 च्या आसपास होती. लोकसंख्येशी ताडून पाहिलं तर महाराष्ट्राचं प्रमाण जर्मनीच्या साडेतीन पटींहून अधिक भरतं. आणि जर्मनी हा असा देश आहे जिथं ऑटोबानच्या मोठ्या भागावर वेगाची सक्तीची मर्यादाच नाही. या तुलनेत एक सावधगिरी हवी. आपल्याकडे ‘अतिवेग’ हा पंचनाम्यातला सोयीचा रकाना आहे. रस्त्याची चुकीची आखणी, दुभाजकातली अनधिकृत फट, बंद पडलेला दिवा, शिंगाला रेडियम नसलेलं जनावर, या सगळ्यांची जबाबदारी त्या एका शब्दाखाली झाकली जाते. तरीही एवढं निश्चित म्हणता येतं की नुसता वेग माणसं मारत नाही. न शिकलेला, नको त्या जागी काढलेला आणि बेहिशेबी वेग मारतो. जर्मनीत मोटारीचा परवाना मिळवायला वाहतुकीच्या नियमांचे वर्ग, प्रथमोपचाराचं शिक्षण आणि नेहमीच्या सरावाखेरीज 45 मिनिटांच्या किमान 12 खास तासिका कराव्या लागतात: 5 गावाबाहेरच्या रस्त्यावर, 4 ऑटोबानवर, 3 अंधारात. आपल्याकडे दुचाकीनं आठाचा आकडा काढला, की माणूस महामार्गावर जायला मोकळा.

हे परभणीला आत्ताच का लागू आहे? कारण वेग दाराशी आला आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी असा पहिल्यांदा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा टप्पा जोडला गेला. त्यावर हलक्या वाहनांना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. जालन्याहून नांदेडला जाणारा सुमारे 180 किलोमीटरचा जोडमहामार्ग परभणी जिल्ह्यातूनच आखला आहे. ज्या चालकानं आयुष्यभर खड्डे चुकवत साठच्या वर काटा नेला नाही, त्याच्या पायाखाली अचानक सपाट काँक्रीट येणार आहे. मराठवाड्याच्या उन्हात त्या काँक्रीटवर झिजलेल्या टायरचं काय होतं, 120 च्या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब जाऊन थांबते, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. शिक्षेची तरतूद आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. पण हे कलम फक्त कुठं नको ते सांगतं. कुठं चालेल, याचं उत्तर परभणीत कुठंच नाही. ज्या हौसेला कुठंही जागा नाही, ती रात्री अकरानंतर सापडेल तो रस्ता आपला करते.

नुसत्या बंदीचं काय होतं, हे परभणीला जर्मनीकडून शिकायची गरज नाही. शंकरपट आठवा. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पट थांबले का? काही थांबले, काही आडरानात, पहाटे, पहारा ठेवून होत राहिले आणि बैलाला पराणी टोचली जाते की नाही हे बघणारं तिथं कुणी नव्हतं. महाराष्ट्रानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त करून नियम केले. उच्च न्यायालयात ते अडले, 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना वाट दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम काय सांगतात? धावपट्टी 1,000 मीटरपेक्षा लांब नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आयोजकानं 50,000 रुपये अनामत ठेवावी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी, काठी-चाबूक-पराणी चालणार नाही, चित्रीकरण करून ठेवावं. प्राण्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे आक्षेप अजून आहेत आणि ते ऐकायलाच हवेत. पण नियमनाचं तत्त्व पाहा. जागा ठरली, लांबी ठरली, जबाबदार माणूस ठरला, अनामत ठरली. बैलाच्या वेगासाठी जे शहाणपण आपण दाखवलं, ते इंजिनाच्या वेगासाठी दाखवायला काय हरकत आहे?

मग हवं तरी काय? आयफेलच्या वीस किलोमीटरांची नक्कल मुळीच नको. मराठवाड्यात एक ट्रॅक पुरे, दीड-दोन किलोमीटरचा, वळणावळणाचा, कडेला मोकळी माती आणि टायरच्या भिंती असलेला, रुग्णवाहिका उभी असल्याशिवाय न उघडणारा. त्याची स्वाभाविक जागा छत्रपती संभाजीनगरजवळ आहे. वाळूजला दुचाकी आणि शेंद्र्याला मोटारी बनवणारे कारखाने आहेत, आणि शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक जमीन आधीच संपादित झाली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे परभणीत, याहून साधी गोष्ट पुरेल: एक कडक, सपाट मैदान, पाणी सोडून ओलं करता येईल असं, जिथं ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबून पाहता येईल. आठवडाभर ते परिवहन विभागाच्या परीक्षांना, एसटीच्या आणि शाळेच्या बसचालकांना, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना. रविवारी पैसे भरून हौशींना. परवाना, हेल्मेट, गाडीची तपासणी आणि नुकसानभरपाईची सही, या चार गोष्टींशिवाय फाटक उघडायचं नाही. ज्याचं नाव रस्त्यावरच्या शर्यतीत एकदा आलं त्याला वर्षभर फाटक बंद.

पहिला आक्षेप अपेक्षितच आहे: हे श्रीमंतांचे चोचले आहेत. मराठवाड्यात पैसा नाही असं नाही. 2010 मध्ये औरंगाबादेतल्या मंडळींनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ती बातमी देशभर गाजली. पण मला काळजी त्यांची नाही. 2022 च्या त्याच अहवालात मृतांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरचे होते. मरणारा मर्सिडीजमध्ये बसलेला नाही. तो हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलवर आहे, बहुधा हेल्मेटशिवाय. त्यामुळे ट्रॅकची कसोटी एकच: दीडशे सीसीच्या गाडीवाल्याला एका सिनेमाच्या आणि वडापावच्या खर्चात तिथं अर्धा तास मिळतो का? मिळत नसेल तर तो ट्रॅक खरोखरच चोचला ठरेल आणि मग त्याला विरोध करणाऱ्यांत मीही असेन. शिवाय गाडी तपासून आत सोडणारा माणूस पहिल्या दिवशीच सांगेल की तुझे टायर गुळगुळीत झालेत. एरवी ते त्याला कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अशानं वेगाची चटक वाढेल आणि पोरं ट्रॅकवर शिकलेलं रस्त्यावर करून दाखवतील. या शंकेला आधार आहे. नॉर्वेत 1980 च्या दशकात नव्या चालकांना निसरड्या जमिनीवर घसरती गाडी सावरायला शिकवलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले दिसले. कौशल्य थोडं आलं, आत्मविश्वास फार आला. हा धडा टाळून ट्रॅकची वकिली करणं अप्रामाणिक होईल. त्यातून उत्तरेकडच्या देशांनी शिकवण्याचा हेतू बदलला: गाडी कशी सावरायची याऐवजी ती किती लवकर हाताबाहेर जाते हे अनुभवायला द्यायचं. ओल्या मैदानावर साठच्या वेगात ब्रेक लावून गाडी खुणेच्या दांड्यापलीकडे जाऊन थांबली, की ‘माझा कंट्रोल आहे’ हे वाक्य जिभेवरच राहतं. एवढं करूनही ट्रॅक हा दंडाला पर्याय होऊ शकत नाही. न्यूर्बुर्गरिंगमुळे जर्मनीचे रस्ते सुरक्षित झाले असा दावा कुणी करत असेल तर तो पोकळ आहे. ते रस्ते परवान्याच्या कठीण वाटेनं, चांगल्या आखणीनं आणि न चुकणाऱ्या दंडानं सुरक्षित झाले. ट्रॅकचं काम मर्यादित आहे. पकडलेल्या पोराच्या बापाला ‘मग त्यानं जावं कुठं?’ असं विचारता येऊ नये, एवढं त्यानं साधलं तरी खूप झालं.

तिसरा आक्षेप सरकारी तिजोरीचा आणि जमिनीचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. न्यूर्बुर्गरिंगचीच गोष्ट घ्या. तिथल्या राज्य सरकारनं मार्गाशेजारी करमणूक नगरी आणि हॉटेलं उभारायला 30 कोटी युरोंहून अधिक पैसा ओतला. 2012 मध्ये सगळं दिवाळखोरीत गेलं, राज्याच्या माजी अर्थमंत्र्याला शिक्षा झाली, 2014 मध्ये मालमत्ता खासगी हातात विकावी लागली. त्या नगरीतला झोकदार रोलर कोस्टर 2013 मध्ये अवघे 4 दिवस चालला. आपल्याकडे ग्रेटर नोएडातल्या 5.125 किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. कराच्या वादात शर्यत गेली, मूळ उद्योगसमूह पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकला. उलट 1990 पासून चेन्नईजवळ मोटर क्लबनं चालवलेला ट्रॅक आणि कोइम्बतूरचा 2.1 किलोमीटरचा कारी स्पीडवे टिकून आहेत. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीनं छोटा ट्रॅक उभा केला. कोइम्बतूर परभणीसारखंच कापसावर वाढलेलं. तिथला नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला. भव्य ते बुडतं, बेताचं ते तगतं, हा यातला हिशेब. आणि जमिनीचं म्हणाल, तर शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवरून ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागला, तिथं हौसेसाठी एक गुंठाही काळी जमीन मागू नये. संपादित औद्योगिक जमिनीत बसत नसेल तर ट्रॅक होऊ नये.

चालवायचा खर्च मात्र शासनानं उचलू नये. अनामत, फी आणि नुकसानीचं बिल यांतूनच तो निघावा. खर्च भागत नसेल, तर तेवढ्या किमतीला ती हौस कुणाला नको आहे असं समजावं आणि मैदान आठवडाभर बसचालकांना द्यावं; त्यात कुणाचंच नुकसान नाही. जर्मनीला जाणाऱ्या परभणीकरानं न्यूर्बुर्गरिंगची फेरी जरूर मारावी, पण आधी करार नीट वाचून. आणि गावाकडे व्हिडिओ पाठवताना फाटकावरच्या नियमांच्या पाटीचा आणि सही केलेल्या कागदाचा फोटोही सोबत पाठवावा. वेगाचं वेड आपल्याकडे मुबलक आहे, ते तिकडून आणायला नको. आणायची ती पावती.